लाल ठिपका येऊ द्यायचा नाही!

आमच्या हॉस्पिटलातले किस्से जमवावे लागत नाहीत. ड्युटी संपवून घरी गेले आणि पर्स उपडी केली, की दोन तरी पडतातच! घरचे पोट धरून हसतात. मला हल्ली हसू येत नाही, डोकं फिरतं.

मी भिवंडीच्या एका हॉस्पिटलात इन्फेक्शन बघणारी सिस्टर. ऑपरेशननंतर कुणाच्या टाक्यांत पू झाला का, हे शोधायचं माझं काम. आता ते कॉम्प्युटरही करतो. ऑपरेशन झालेल्याला ताप चढला, त्याचा पू तपासायला पाठवला, किंवा पेशंट महिन्याच्या आत परत भरती झाला, की त्याच्या नावापुढे लाल ठिपका येतो. एकाच ऑपरेशन थिएटरचे तीन ठिपके झाले, की ते थिएटर बंद ठेवून सगळं तपासायचं. नियम चांगलाच आहे. म्हणून तर तिसरा ठिपका येऊ नये यासाठी सगळे जिवाचं रान करतात!

*

निजामपुऱ्यातल्या एका हर्नियाच्या पेशंटच्या नोंदी वाचत होते. सोमवारी लिहिलंय, "जखम स्वच्छ, कोरडी. पेशंट वॉर्डात हिंडतो." मंगळवारी तेच. बुधवारीही तेच.

पेशंट मंगळवारी दुपारीच घरी गेला होता!

ज्युनिअर डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मॅडम, बुधवारी वॉर्डात कोण हिंडत होतं?"

"अय्या, कालचंच कॉपी-पेस्ट झालं वाटतं. पण सिस्टर, जखम कोरडीच होती ना?"

*

एका वॉर्डात आठवडाभर कुणालाच ताप नाही. सगळे पेशंट अठ्ठ्याण्णव पॉइंट चार! मी थर्मामीटर मागितला, तर तो बिघडून पडलेला.

"मग ताप कशाने बघता?"

तिथली सिस्टर शांतपणे म्हणाली, "ताप कुणाला नाहीच आहे, तर थर्मामीटर हवा कशाला?"

मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण एकटीला चाळीस पेशंट दिलेत तिला, आणि ते देणाऱ्यावर ओरडायची सोय नाही.

*

आमचे सर्जन, म्हणजे सर, ऑपरेशनात फार कुशल. पण ठिपक्याचं नाव काढलं की बिथरतात. एका पेशंटच्या टाक्यांतून पू येत होता. मी म्हटलं, "सर, तपासायला पाठवते."

"घाई कशाला करता? आधी रोज ड्रेसिंग करा, अँटिबायोटिक द्या. जखम पूर्ण बरी झाली की मग पाठवा!"

मी तो पू त्यांना न विचारता पाठवला. दोन नंबरच्या थिएटरचा दुसरा ठिपका आला. सर माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. दोन नंबरचं हत्यारं निर्जंतुक करायचं मशीन मध्येच बंद पडतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

*

घरी गेलेल्या पेशंटला मोबाइलवर मेसेज जातो. टाके ठीक असतील तर एक दाबा, त्रास असेल तर दोन. अकरा लूम कामगारांकडून उत्तर आलं, एक. अकराच्या अकरा एकाच नंबरवरून!

फोन लावला. मुकादमाने उचलला.

"सब फिट है सिस्टर. एक के टाके में से थोडा पानी आता है, बस. शिफ्ट कर रहा है ना!"

"अहो, मग दोन का नाही दाबलंत?"

"दो दबाता तो आप उसको बुला लेते. लूम कौन चलाता?"

मी फोन ठेवला. त्या कामगाराला बोलावून घेतलं, पण त्याचं ऑपरेशन एक नंबरमधलं. दोन नंबर चालूच राहिलं.

*

आणि मग दापोड्याच्या विमलमावशी आल्या. बारा दिवसांपूर्वी सरांनीच दोन नंबरमध्ये त्यांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन केलेलं. आता पोट धरून आल्या, अंगात ताप, पदराखाली टाके चिघळलेले. सोबत सून. तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन त्याच दुपारी, दोन नंबरलाच!

म्हटलं, तिसरा ठिपका आला. आता सुनेला तरी तिथे नेणार नाहीत.

कॉम्प्युटर उघडला. ठिपका नाही. काउंटरवर मावशींचं नवीन कार्ड काढलेलं! नवीन नंबर, नवीन पेशंट. पूर्वीचं ऑपरेशन: नाही. मी हाताने ठिपका टाकायला गेले, तर कॉम्प्युटर म्हणतो, ऑपरेशनची नोंद सापडत नाही.

काउंटरवाली मान खाली घालून म्हणाली, "जुना नंबर टाकू नको, असं वरून सांगितलंय."

मी तशीच सरांकडे गेले आणि त्यांना मावशींच्या खाटेपाशी घेऊन आले. आख्खा वॉर्ड बघत होता. सरांनी हातातल्या टॅबवर नजर फिरवली.

"मावशी, पोटाचं ऑपरेशन कधी झालं? कुणी केलं?"

मावशींनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"आवो, तुमीच केलंत ना!"

सरांनी पुन्हा टॅब बघितला. "यात तर तसं काही दिसत नाही."

मावशींनी सुनेच्या हातातली तिच्या ऑपरेशनची फाईल काढून घेतली, उशीखाली घातली आणि पोटावरचा पदर बाजूला केला.

"त्यात नसंल दिसत. हितं बगा. आन् मंग सांगा, हिला कुठं नेताय ते."