टकल्या राजाची दाढी

फुलसावंगीच्या बाजारात पुंडलिकराव सोनाराचं दुकान म्हणजे एक लाकडी फळी, एक भट्टी आणि गिऱ्हाइकासाठी अंथरलेलं पोतं. दुकान बापाचं, हातोडी बापाची, आणि उठल्याबसल्या 'आता पहिल्यासारखं राह्यलं नाही' म्हणायची खोडही बापाचीच. फरक इतकाच, की बाप म्हणायचा तेव्हा ते खोटं असायचं.

दोन हजार पाच-सहाचे दिवस. कापूस घरात येई, भाव काही येत नसे. जिथे पांढरं पिकतं तिथेच पिवळं खपतं, हे सोनाराच्या पोराला पाळण्यातच कळतं. पांढरं बसलं, तसा पुंडलिकरावही बसला. लग्नं पुढे ढकलली जात होती. नवीन घडवायला कोणी येईना; येत ते मोडायला.

"बापानं घडवावं आन् पोरानं आटवावं," तो बायकोला म्हणे.

"मंग दुकानाले कुलूप लावा आन् घरी बसा," ती म्हणे. तिलाही रोज तेच ऐकून कंटाळा आला होता.

त्याच हंगामात तांड्यावरची तानाबाई आली. सासूकडून आलेला चांदीच्या रुपयांचा हार तिने पोत्यावर ठेवला. नवरा देवसिंग बैलगाडीखाली सापडला होता, पायाचं ऑपरेशन नागपूरला व्हायचं होतं. "विकाचा हाय," एवढंच म्हणाली आणि वजन होईपर्यंत रस्त्याकडे पाहत बसली. पुंडलिकरावाने भाव वाजवी दिला. हार मात्र भट्टीतच जायचा होता.

त्यातला एक रुपया वाचला तो अनंतरावांमुळे. अनंतराव यवतमाळच्या एका कचेरीतून निवृत्त झालेले, जुन्या नाण्यांचे वेडे; मोडीत आलेली नाणी चाळायला दुकानात येत. हाराच्या मधोमध ओवलेला सातव्या एडवर्डचा रुपया त्यांनी विकत घेतला. त्या राजाच्या डोक्यावर केस नाहीत, म्हणून गावात त्याला टकल्या राजा म्हणत. रुपयाच्या मागे जे साल होतं, त्या सालचा त्यांच्याकडे नव्हता. पण राजाच्या डोक्यावर दोरा ओवायचं भोक होतं, आणि चेहरा तर घासून पार सपाट झालेला.

"भोक तेवढं बुजवा, पुंडलिकराव. बुजवलंय हे मी दाखवताना सांगेन. चेहऱ्याला मात्र हात लावू नका."

"काहून? तोंडच तं गेलं त्याचं."

"गेलं ते गेलं. नाण्यावर काय बेतलं ते नाण्यानंच सांगावं."

पुंडलिकरावाला हे पेन्शनीतलं खूळ वाटलं. त्याने भोकात चांदी भरली, झाळ देऊन सांधली, घासून रंगाला रंग मिळवला. काम संपलं. पुढे दुसरं काम नव्हतं. रस्त्यावर रिकाम्या गाड्या, समोरच्या कापडवाल्याच्या दुकानात माश्या. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, तसंच झालं. दुसरा एक चांगला रुपया समोर ठेवून त्याने कोरणी उचलली आणि टकल्या राजाला दाढी उगवायला लागली. केस न् केस, मग कान, मग नाक. चांदी उरली नव्हती तिथे आजूबाजूचं खोल खरवडून त्याने चेहरा वर आणला. शेवटी गंधकाची धुरी देऊन तो जुना काळपटपणाही चढवला. वर्षभरात पहिल्यांदा त्याला भाकरी गोड लागली.

अनंतरावांनी भिंगातून पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं.

"हे काय करून बसलात? भोक ही मोडतोड होती. ही बनवाबनवी झाली."

"कोनाले दिसते साहेब?"

"दिसत नाही, तेच तर वाईट."

त्यांनी मजुरी दिली, रुपया रुमालात गुंडाळला आणि घरी नेऊन इतर नाण्यांत न ठेवता एका डब्यात टाकला. पुंडलिकरावाला ते फार लागलं. अख्ख्या सालात एक काम मनासारखं झालं, त्यालाही नाव ठेवलं!

दोनेक वर्षांनी तानाबाई पुन्हा पोत्यावर येऊन बसली. थकली होती, पण तोंडावर हसू होतं. देवसिंग काठी टेकत का होईना चालत होता, आणि लेकीला मुलगा झाला होता.

"सोनारदादा, हार तं गेला. पन तो मधला रुपया असन काय कुठी? लेकीच्या गळ्यात बांधाचा होता."

"तोच कायले, बाई?"

"लेकरू पेते तवा त्याच्या हाती तोच येते ना. अंगठ्यानं घासत राह्यते. आमचा मालक सासूच्या मांडीवर घासे, त्याच्या बहिनी घासत, मंग माही पोरगी. राजाचं तोंड आमच्या लेकराइनं पुसून टाकलं." आणि ती खुदकन हसली.

पुंडलिकरावाला आपण कोरलेली दाढी आठवली. "पाहतो," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी यवतमाळची एसटी धरली. अनंतरावांनी सगळं ऐकलं आणि डबा उघडला. पैशाचं नावही काढलं नाही. "न्या. तसाही तो माझा कधी झालाच नव्हता."

परत येऊन त्याने भरलेली चांदी काढली, भोक होतं तिथे पुन्हा मोकळं केलं. मग कानस घेऊन दाढीपुढे बसला. घासून सपाट करणं अर्ध्या घटकेचं काम. पण ती झीज पुन्हा त्याच्याच हातची होणार. लेकराचा अंगठा कानशीला कुठून यायचा? एका खोट्यावर दुसरं खोटं चढवायची त्याला शिसारी आली. त्याने कानस ठेवून दिली.

तानाबाई आली. आधी तिने भोक पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. मग सवयीने तिचा अंगठा राजाच्या गालावर गेला आणि तिथेच अडला. तिने रुपया उजेडात धरला.

"याले तं तोंड हाय."

पुंडलिकरावाने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. "रुपया तोच हाय, बाई. मायची आन."

"तोच असन." तिने पुन्हा एकदा अंगठा फिरवला. कोरलेली दाढी बोटाला खरबरीत लागत होती. "लेकीले काय सांगू? तोच हाय म्हनू?"

कोनाले दिसते, हे त्याचंच वाक्य त्याच्या जिभेवर होतं. लेक लहानपणी अंगठा फिरवायची, तिला आता काय आठवणार? हो म्हटलं असतं तर म्हातारी समाधानाने गेली असती.

"नोको म्हनू. सोनारानं खराब केला म्हनून सांगजो. माहं नाव घेऊन सांगजो."

तिने रुपया पदराच्या गाठीत बांधला. रागावली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"सांगीन," ती उठता उठता म्हणाली. "पन दादा, तोंड करा म्हनून तुमाले म्हटलं कोनं होतं?"

"कोनीच नाही," पुंडलिकराव म्हणाला. "हाताले काम नव्हतं."