टपालानं गेलेलं माझं मत

अव्वल कारकुनानं माझा अंगठा धरला आणि शाईच्या गादीवर दाबला.

मी म्हणालो, "भाऊसाहेब, मला सही येते."

"माले माहीत शे. तुन्ही सही गिरवाले टाईम कोनले शे?"

कचेरीच्या ओसरीवर आम्ही सगळे शिपाई ओळीनं उभे होतो. महाराष्ट्र नवा झाल्यानंतरची ती पहिली निवडणूक. आम्हाला केंद्रांवर ड्युटी लागलेली, म्हणून आमचं मत टपालानं. प्रतिज्ञापत्रावर अंगठा उमटला. मतपत्रिका मात्र माझ्या हातात आलीच नाही. भाऊसाहेबांनीच खूण केली, घडी घातली, पाकिटाला डिंक लावला. खूण कुणाच्या नावापुढे, ते बघायला मी जरा वाकलो.

"तुले काय समजस रे भिलड्या? मत शे ते, मव्हानी दारू नही."

सगळे हसले. माझे सोबतीसुद्धा.

दोन दिवसांनी मतपेटी डोक्यावर घेऊन डोंगर चढलो. अक्कलकुव्याच्या पुढे जीप थांबली होती. केंद्र माझ्याच गावाशेजारचं. माणसं नटूनथटून आलेली, बाया चांदी घालून. एका म्हाताऱ्या मावशीनं आमच्या बोलीत विचारलं, तू टाकलंस का रे? टपालानं टाकलं, म्हणालो. टपाल म्हणजे काय ते तिला कळलं नाही. बरंच झालं. सगळ्या डोंगराला मत होतं आणि पेटी वाहून आणणाऱ्याला नव्हतं. माझ्याच माणसांत मी इतका एकटा कधी पडलो नव्हतो.

पुढे होळी जवळ आली. काठी गावच्या होळीची माझी मानता होती, नवस म्हणतात तसली, आईच्या दुखण्यात बोललेली. मानतेची पाळणी सुरू होती. अनवाणी चालायचं, भुईवर निजायचं, खाट नाही, खुर्ची नाही. नेमकं त्याच दिवसांत भाऊसाहेबांनी आत बोलावलं आणि चक्क स्टूल पुढे सरकवलं. नोकरीत पहिल्यांदाच.

टपाली मताचा नियम बदलावा, अशी सूचना वर जाणार होती. शिपायांना भरता येत नाही, मतं बाद होतात, म्हणून इथून पुढे ती कचेरीतच कारकुनानं भरावीत. सगळं लिहून तयार. वर मथळा, 'शिपायांची नम्र विनंती'. बाकीच्यांचे अंगठे झाले होते. माझी मात्र आता सही हवी होती. एखादी सही असली म्हणजे विनंती खरी वाटते.

मी स्टुलावर बसलो नाही. पाळणी आहे म्हणालो. भाऊसाहेब पोट धरून हसले.

"आन इकडे, तुन्ही मानताबी मीच फेडी टाकस!"

गंमत केली त्यांनी. पण आमच्याकडे मानता दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. ज्यानं बोलली त्यानंच पाळायची, त्यानंच होळीपुढे नाचायचं. भाऊसुद्धा भावाची फेडत नाही. शेंबड्या पोराला कळतं हे. आणि मत? ते मी मुकाट्यानं त्यांच्या हाती देऊन बसलो होतो. आधी लाज वाटली. मग राग आला. असा राग मला माहीत नव्हता.

मी म्हणालो, "मानता दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, भाऊसाहेब. मतही नाही. मी सही करणार नाही."

"नोकरी करनी शे ना?"

"करायची आहे. मतही मलाच द्यायचं आहे."

बाहेर आलो. ओसरीवर सोबती जेवायला बसले होते. मी टेकलो तसे एकेक करून उठले. आतलं सगळं त्यांनी ऐकलं होतं. मी एकट्यानं भाकरी संपवली.

मग कोरा कागद घेतला. ही विनंती माझी नाही, असं लिहिलं. खाली पूर्ण नाव, गाव आणि सही. जिथं त्यांची सूचना गेली, तिथंच तो पाठवला. उत्तर आलं नाही. बदली आली.

भाऊसाहेब, नियम काय करायचा तो करा. पुढच्या निवडणुकीत माझी मतपत्रिका माझ्या हातात पडली नाही, तर मतपेटी मी उचलणार नाही. आणि आमच्या नावानं पुन्हा विनंती लिहिलीत, तर मी पुन्हा नाही म्हणेन. एकटा असलो तरी.