दोराचं दुसरं टोक

जीपला विंच घेताना मी झाडाचा पट्टा घेतला नाही. पुढे जे झालं त्यात इतरांचेही हात होते, पण सुरुवात माझ्यापासून झाली. म्हणून आधी ते लिहून टाकतो.

विंच म्हणजे गाडीच्या पुढच्या बंपरवर बसवलेला, बॅटरीवर चालणारा रहाट. त्यावर पोलादी दोर गुंडाळलेला असतो. गाडी चिखलात रुतली की दोर ओढत न्यायचा, समोरच्या झाडाला अडकवायचा आणि बटण दाबायचं. दोर गुंडाळला जातो आणि गाडी स्वतःला ओढून बाहेर काढते.

मी भातसानगरला धरणाच्या कामावर आहे. माझं मूळ गाव मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. जुनी फोर-व्हील जीप हा माझा एकच शौक. पावसाळ्यात रविवारी शहरातून जीपवाल्यांचा एक गट आमच्याकडे यायचा. रस्ता सोडून डोंगरवाटांनी गाड्या घालायच्या, रुतवायच्या, काढायच्या, हा त्यांचा खेळ. वाट दाखवायला मी. "आपले लोकल दादा" असं ते मला म्हणायचे आणि ते मला आवडायचं, हेही कबूल करतो.

त्या उन्हाळ्यात मी दुसरं काही केलं नाही, फक्त विंच निवडली. किती वजन ओढते, मोटर कशी आहे, पाणी शिरतं का, दोर पोलादी बरा की नायलॉनसारखा. जेवताना मोबाइल समोर. बायको म्हणाली, "अहो, म्हशाच्या जत्रेत मामंजींनी बैल घेताना एवढा वेळ लावला नसेल."

वडील खरंच वेळ लावत नसत. दात नंतर बघत. आधी बैलाच्या खांद्यावर हात फिरवत, जुवाने सोललाय का ते बघायला. मला ते आठवलं, पण त्याचा विंचशी काही संबंध आहे असं तेव्हा वाटलं नाही.

कल्याणच्या दुकानात मी दुकानदाराची परीक्षाच घेतली. खोक्यावर लिहिलेली ओढ दोर जवळजवळ पूर्ण सोडलेला असतानाच मिळते, थरावर थर चढले की ती कमी होते, हे मी त्याला ऐकवलं. तो हो हो म्हणाला. मग त्याने एक रुंद, जाड विणीचा पट्टा समोर टाकला.

"हा पण घ्या. दोर झाडाला डायरेक्ट बांधू नका."

"याने ओढ वाढते का?"

"नाही हो. हा गाडीसाठी नाही, झाडासाठी आहे."

"झाड बघून घेईल आपलं," मी म्हणालो. तो हसला, मीही हसलो. पट्ट्याऐवजी मी बिनवायरचा रिमोट घेतला.

श्रावणात आम्ही आमच्या गावाच्या वरच्या वाडीला गेलो. वाडीला पक्का रस्ता नाही. माणसं ज्या वाटेने बाजाराला उतरतात, आजाऱ्याला झोळीत घालून खाली आणतात, तीच ती वाट. ती आम्ही चाकांनी उकरून काढली. रस्ता नसणं ही वाडीची अडचण आणि आमची मौज. आज हे लिहिताना माझे कान तापतात. त्या दिवशी मी सगळ्यांच्या पुढे होतो.

माझीच जीप आधी रुतली. चढाच्या डोक्यावर मोहाचं एक जुनं झाड होतं. मी दोर नेला, खोडाला वेढा दिला, हुक त्याच दोरात अडकवला आणि रिमोट दाबला. दोर ताणला तसा वेढा आवळत खोडावर करकरत सरकला. सालीतून पांढरा चीक आला. जीप वर आली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या दोन गाड्यांनीही त्याच झाडाला, माझ्या वेढ्याच्या वरखाली दोर घातले. त्यातल्या एकाकडे पट्टा होता. तो सामानाच्या तळाशी होता आणि पावसात सामान उपसायचा त्याला कंटाळा आला.

शेवटची गाडी निघत असताना वाडीतून एक बाई इरलं पांघरून आली. वयाने माझ्या आईएवढी.

"दोर काढा रं. झाड कापताव तुमी."

गटाचा म्होरक्या हसत म्हणाला, "मावशी, एवढ्याने काय होत नाही. आणि झाड सरकारचं आहे ना?"

तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती माझ्याकडे वळली. "तू खालच्या गावचा ना रे? तुला ठावं हाय. सांग त्यांना कोनाचा मोह हाय त्यो."

मला ठाऊक होतं. आमच्या भागात मोह जंगलात असला तरी त्याला घर असतं. कागदावर झाड जंगल खात्याचं. पण कुठल्या मोहाची फुलं कुठल्या घराने वेचायची हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं, आणि त्यात कोणी कोणाच्या वाटेला जात नाही. लहानपणी मी दुसऱ्याच्या मोहाखालची मूठभर फुलं उचलली होती, तर आईने मला कानाला धरून त्या घरी नेलं होतं, ती परत करायला. ज्या घराचा मोह जातो त्याला दुसऱ्याच्या मोहाखाली टोपली घेऊन उभं राहता येत नाही. उन्हाळ्यात घरात दुसरं काही नसतं तेव्हा फुलं असतात, पुढे बियांचं तेल असतं. तिच्या घराच्या वाट्याला तो एकच मोह होता.

हे सगळं ठाऊक असलेला मी म्हणालो, "मावशी, ही जंगल खात्याची हद्द आहे."

ती म्हणाली, "बरा शिकलास." आणि इरलं सावरत परत गेली.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा भाऊ म्हणाला, "वरच्या वाडीतला त्यो मोह शेंड्याकडून वाळतोय. कोनी दोर घातला म्हनं." मी घातला, हे त्याला ठाऊक होतं. मी चहा पीत राहिलो.

मग मला राग आला. गटाच्या ग्रुपवर मी लिहिलं की झाड वाळतंय, आपण सगळ्यांनी जाऊन त्या घराची माफी मागायला हवी. उत्तर म्हणून अंगठे आले. एक जण म्हणाला, "दादा इमोशनल झाले." म्होरक्याने लिहिलं, पुढच्या पावसाळ्यात शंभर झाडं लावू, बॅनर करू, टी-शर्ट करू. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आज लावलेला मोह फुलायला किती वर्षं जातात याची यांना कल्पना नाही. तोवर त्या घराने तुमच्या टी-शर्टकडे बघत बसायचं का? ज्याच्या डिकीत पट्टा होता त्याने लिहिलं की चूक ज्याने पहिला दोर बांधला त्याची. त्याच्यावर मी सगळ्यात जास्त चिडलो, कारण तो खरं बोलत होता.

विंच कशी निवडावी हे सांगणाऱ्यांवरही चिडलो. मोटर, गिअर, दोर, रिमोट, सगळ्यावर तासन्‌तास बोलतात. दोराच्या दुसऱ्या टोकाला काय असतं याबद्दल चकार शब्द नाही, आणि पट्टा दाखवलाच तर शेवटी, जादा सामानात. हिवाळाभर मी असा धुमसत होतो. जेवताना, कामावर, जो भेटेल त्याच्यापाशी.

एकदा बायको म्हणाली, "त्या लोकांना शिव्या घालून झाल्या असतील तर वर जाऊन या. तिथपर्यंत काय तुमचा आवाज पोचत नाही."

मला तिचाही राग आला. दोन दिवस बोललो नाही. पण खरं तेच होतं. मी भांडत होतो त्यांच्याशी, ज्यांचं मी काही बिघडवलं नव्हतं.

मोहाच्या दिवसांत सकाळी गेलो. जीप गावात ठेवली, पायी चढलो. वाटेतल्या दुसऱ्या मोहांखाली फुलांचा सडा होता, टोपल्या घेऊन माणसं वाकलेली होती. त्या मोहाच्या वरच्या फांद्या काळ्या पडल्या होत्या. खालच्या एका फांदीवर तेवढे थोडे कळे. मी खोडावर हात फिरवला. सालीत खाच होती, वीतभर वर दुसरी, सगळीकडून फिरलेली, जुवाने सोललेल्या खांद्यासारखी कडा सुटलेली.

आणि झाडाखालची जमीन झाडून लख्ख केलेली होती. फुलं मातीत पडू नयेत म्हणून दरवर्षी करतात तशी.

मावशी वाडीतल्या अंगणात नवऱ्याशेजारी बसली होती. मला बघून म्हणाली, "आलास? आता कोनाची हद्द लागली?"

शेजारच्या अंगणांतली माणसं थांबून बघू लागली. मी हळूच म्हणालो, "मावशी, माझं चुकलं."

"मोठ्यानं बोल. या म्हाताऱ्याला आयकू येत नाय. झाड त्याच्या बापाचं व्हतं."

मी म्हाताऱ्यासमोर खाली बसलो. त्याने कानामागे हात धरला. अख्ख्या वाडीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी म्हणालो, "बाबा, मोह तुमचा आहे. त्या दिवशीही मला ते ठाऊक होतं. ठाऊक असून मी सगळ्यांसमोर खोटं बोललो. पहिला दोर मी बांधला. मला माफ करा."