पहिली चूक आपली सांगनारे वानखेडे सर

वानखेडे सरायची पहिली भेट झाली तवा मी त्यायचा कीबोर्ड दुरुस्त करून द्यायले गेलतो. जाता जाता गंमत म्हनून माऊसच्या खाली कागद चिकटवला, माऊस हालेचना. सरायनं दारातच आवाज देल्ला, "अरे, तुले बिघाड करता येते, म्हंजे शोधताबी येईन. उद्यापासून येजो." असा बारावीत दोनदा गचकलेला मी बोरगावातल्या त्यायच्या हापिसात सॉफ्टवेअर तपासाले लागलो.

एका दवाखान्याच्या रक्तपेढीच्या सॉफ्टवेअरचं काम होतं. तवा हापिसात मी खेळ सुरू केला: ज्याची चूक सापडली, त्यानं दिवसभर कागदाचं बाशिंग बांधून बसाचं. सारे खिदळत. सर एकदाच म्हनाले, "हे बरं नाई." मी कुठं ऐकतो!

एका सकाळी, प्रोग्राम लिहिनाऱ्या आमच्या प्रणालीताईची गंमत म्हनून मी तिच्या कम्प्युटरवर कोनतंबी रक्त कोनालेबी चालते, असं करून ठेवलं अन् चहाले गेलो. परत आलो तं तिच्या कम्प्युटरवरूनच नवीन सॉफ्टवेअर दवाखान्यात गेलतं.

बोललो तं नोकरी जाते, नाई बोललो तं कोनाचा तरी जीव.

"सर, माही गंमत त्यातच गेली."

सरायनं लगेच रक्तपेढीत फोन लावला. "स्क्रीन पाहून रक्त देऊ नका!"

तिकडून आवाज आला, "एक पिशवी बाळंतिणीकडं गेली ना सर."

"धावा!"

सारे फोनभोवती गोळा झाले. किती वेळ गेला, देव जाने. मंग फोनवर धापा टाकत कोनी बोललं, "लावाचीच होती. वापस आनली."

सर खुर्चीत बसले, पानी पेले. "हे कोनालेच दिसलं नाई?"

प्रणालीताई रडाले लागली. "पाठवल्यावर मले दिसलतं सर. वाटलं, माहीच चूक."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"बाशिंग बांधा लागलं असतं. म्हटलं, दुपारी गुपचूप नीट करीन."

मले मान वर करता येईना. सर म्हनाले, "चूक माही हाये. तुमी भेऊन राह्यले होते, मले दिसत होतं, अन् मी ते चालू देल्लं."

कोनाचीच नोकरी गेली नाई. तवापासून दोघांनी पाह्यल्याबिगर काई बाहेर जात नाई. अन् दर शनिवारी सारे आपापली चूक सांगतात, पहिले सर.

आता सर साठीचे झाले. परवा नव्या पोरीनं आल्या आल्या, साऱ्यायसमोर, सांगितलं, "सर, माह्यानं चुकलं." आवाज जराबी कापला नाई. सर, असं बोलनं ऐकाले तुमी लई वर्सं राहा, अन् ठनठनीत राहा.