काट्यावरचा कापूस

आमच्या घरमालकांना चुकता येणार नाही असा रस्ता वर्धा जिल्ह्यात अजून व्हायचा आहे. सातवीत शाळा सुटली आणि मी कोकणातून हिंगणघाटच्या जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला आलो, तो जीव मुठीत धरूनच. खोली ते जिन एवढीच वाट मला ठाऊक, तीही चुकेन म्हणून मी लोकांच्या मागे मागे चालायचो. घरमालक काका मात्र सायकलवर टांग टाकून कुठेही निघत आणि भलतीकडेच पोचत. जामला साडूकडे बारशाला म्हणून गेले आणि कुठल्याशा गावी कुणाच्या तरी तेराव्याचं जेवून आले. "वरण मस्त होतं," एवढंच म्हणाले. काकू सांगत, "लग्नात नवरदेव सांजच्याले पोचला. मुहूर्त सकायचा होता!" कारण वाट कुणाला विचारायची नाही, हे काकांचं ब्रीद. "रस्ता पुसला का तो लोकायचा होते, बापू. आपला राहत नाई." ते चालत सूर्यावर, आणि हंगामात बाभळीच्या काट्यांना अडकलेल्या कापसावर. कापसाच्या गाड्या काट्यांना घासत जिनाकडे जातात, म्हणून कापूस दाट होत गेला की हिंगणघाट जवळ आलं, असा हिशेब.

एका हिवाळ्यात जिनातल्या पोरांनी सायकलची शर्यत काढली. गाडीवाटेनं आंजीला जाऊन परत यायचं. शिदोरी, वळकटी, पंक्चरचं सामान आपल्याच सायकलवर. मदत कुणाची नाही आणि वाट विचारली की बाद. काकांना वाटलं, शर्यत आपल्यासाठीच काढली आहे. "एकडाव तरी हे लोक मले बरोबर पोचतानी पाहतीन," म्हणाले, आणि जोडीला मला घेतलं.

आंजी सापडली, हे मला अजून खरं वाटत नाही. परतताना मात्र मला ताप भरला. काका पुढे खुशीत, "पाह्य, कसा दाट होऊन राह्यला कापूस!" धुराडं दिसलं, ते भलत्याच गावच्या जिनाचं. कापूस कोणत्या जिनाकडे चालला आहे हे काट्यावर लिहिलेलं नसतं. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच, आडवा झालो. इथेच मेलो तर घरी कळणारही नाही, एवढंच मनात. काकांनी माझ्या कपाळाला हात लावला. मग शेळ्या चारणाऱ्या एका म्हातारीपुढे जाऊन उभे राहिले आणि डोक्यावरची टोपी काढली.

"माय, हिंगणघाट कोन्या बाजूले?"

"तुह्या पाठीमांगं हाय न, बापा!"

माझी सायकल तिच्याच गोठ्यात ठेवून, मला कॅरिअरवर बसवून, शेल्यानं स्वतःच्या कमरेला बांधून त्यांनी आणलं. जिनाच्या फाटकाशी कुणी काही विचारण्याआधीच म्हणाले, "म्या रस्ता पुसला."

पोरं खदखदली. "जलमभर नाई पुसला, आताच काऊन, काका?"

काका शेल्याची गाठ सोडत होते. "उद्या याची माय मले पुसती, पोरगं कुठं सोडलं म्हून. तिले काय सांगतो?"

त्यानंतर अखेरपर्यंत त्यांनी कुणाला वाट विचारली नाही; सुखानं चुकत राहिले. मी अजून परमुलखातच आहे, घाबरत, विचारत विचारत जगतो. विचारण्याआधी हात मात्र आपोआप टोपीकडे जातो.