मनूचा डबा

हे मी नवऱ्यालाही बोलले नाही. आईपाशी तर नाहीच — ती अंथरुणाला खिळली होती तेव्हा तोंडाशी आलं होतं, गिळलं. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही. म्हणूनच बोलता येत असेल.

लातूरला आमच्या गल्लीत सगळी पत्र्याची घरं, भिंतीला भिंत लागून. माझ्या शेजारी संगीता राहते. तिचा नवरा बांधकामावर, ती तेव्हा डाळ मिलमध्ये डाळ निवडायला जायची. मी घरीच साड्यांना फॉल-पिको करायचे, म्हणून तिची मनू दिवसभर माझ्याकडे असायची. मनू नुकती चालायला लागली होती. माझा आदी तिच्याहून थोडा मोठा. संगीता मला अक्का म्हणते. अजूनही म्हणते.

मनूच्या डब्यात ती मऊ खिचडी द्यायची, वर तूप. एक उकडलेलं अंडं. बाटलीत दूध. स्वतःसाठी मात्र चटणी-भाकरी बांधून न्यायची — ते मी रोज बघत होते. बघत होते, हे आधीच सांगून ठेवते.

पहिल्यांदा काय झालं, मनूनं अर्धं अंडं थुंकून टाकलं. उरलेलं मी आदीला दिलं. त्यात काय चुकलं? वायाच गेलं असतं. दुसऱ्या दिवशी अर्धं आधीच काढून ठेवलं — नाहीतरी ती टाकतेच की. मग खिचडीसकट सगळंच आदीच्या ताटात कधी जायला लागलं, ते सांगता येत नाही. सांगता येत नाही, की सांगायचं नाही?

आमच्या घरात उपासमार होती असं समजू नका. भाकरी होती, वरण होतं. अंडं रोज नव्हतं, तूप नव्हतं, एवढंच. आदीचे गाल भरायला लागले होते. मला ते बघायला आवडायचं.

मनूला मी चहात बिस्कीट बुडवून द्यायचे. तिच्या दुधातलं अर्धं आदीला, उरलेल्यात पाणी. सुरुवातीला ती रडायची, आदीच्या ताटाकडे हात करायची. मग रडेनाशी झाली. भिंतीला टेकून बसायची, नाहीतर झोपायची. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, किती शहाणं लेकरू हाय. मीही "हाव, लई शहाणं" म्हणायचे.

संध्याकाळी रिकामा डबा बघून संगीताचा शीणच जायचा. "समदं खाल्लं का माझ्या बाईनं?"

"चाटूनपुसून," मी म्हणायचे.

पुढं मनूचे केस भुरे पडले. पोट पुढं आलं, हातापायाच्या काड्या झाल्या. एक दिवस अंगणवाडीच्या ताई आल्या, तिच्या दंडाला मोजायची पट्टी लावली. पट्टी लाल रंगावर थांबली. लेकरू फार वाळलंय, म्हणाल्या, दवाखान्यात ठेवावं लागेल. आणि विचारलं, "संगीता, हिला खायला काय घालतीस?"

संगीता रडकुंडीला आली. "अंडं देते, तूप देते वो ताई. अक्काला इचारा."

दोघींनी माझ्याकडे बघितलं.

इथं मी बोलू शकले असते. इथंच. आणि बोलले काय? म्हणाले, "खाती वो. पण माय दिवसभर बाहेर असली की लेकराच्या अंगी लागत न्हाई."

अंडं चोरलं ते एक. पण हे? हे कुणाच्या पोटासाठी केलं?

संगीता मनूला घेऊन सरकारी दवाखान्यात राहिली. मी भेटायला गेले, तेव्हा मनू खिचडी खात होती — दोन्ही हातांनी, श्वास न घेता. संगीता हसत होती अन् डोळे पुसत होती. "बघा अक्का, माझ्यापाशी कशी खायली! तुमीच खरं बोललाव." मी मान हलवली. सोबत नेलेली केळी पिशवीतून काढून ठेवली.

मनू वाचली. संगीतानं मिल सोडली ती कायमचीच. गावाकडून राहायला आलेल्या तिच्या सासूनं पुढं वर्षानुवर्षं तिला ऐकवलं — "तुज्यापायी वाळलं लेकरू." मधल्या एका भिंतीतून मला शब्द न् शब्द ऐकू यायचा. संगीता उलटून कधी बोलली नाही. तिलाही ते खरंच वाटत होतं. मी मशीन जोरात चालवायचे.

आता दोघं एकाच शाळेत जातात. प्रार्थनेला मनू रांगेत सगळ्यात पुढं, सगळ्यात बुटकी. आदी पार मागं.

परवा नळावर पाणी भरताना संगीता आदीकडे बघून म्हणाली, "अक्का, लहानपणी काय चारत होताव वो याला? कसा ताडमाड वाढलाय!" तिच्या बोलण्यात काहीच खोच नव्हती. नुसतं कौतुक.

मी म्हणाले, "आमच्यात समदे उंचच हायेत."

आमच्यात उंच कुणीच नाही.