गिधाडाला वाढवणारा रेडिओ

प्राणिसंग्रहालयात त्याला सगळे रेडिओ म्हणत, आणि हे नाव त्यानं स्वतःच्या तोंडानं कमावलं होतं. शाळांच्या सहली आल्या की बाकीचे कर्मचारी हळूच सटकायचे. हा मात्र गिधाडांच्या पिंजऱ्यापाशी ठाण मांडायचा. "नाकं काय मुरडता? ही मेलेलं खातात म्हणून रोगराई आपल्या दारात येत नाही. आणि आता उरलीत किती? बोटांवर मोजण्याइतकी!"

अशा माणसाच्या गळ्यात डॉक्टरबाईंनी गिधाडाचं पिल्लू घातलं. मोठं झालं की ते डोंगरात सोडायचं होतं, म्हणून त्याला माणसाची सवय लागता कामा नये. पडद्याआड बसायचं, हातात गिधाडाच्या तोंडासारखा हातमोजा घालून मांसाचे तुकडे भरवायचे, किती खाल्लं ते वहीत लिहायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

"पंचवीस वर्षांच्या संसारात मला जमलं नाही," बायको म्हणाली, "आणि त्या पिल्लानं आल्या आल्या तुम्हाला गप्प केलं!"

बत्तिसाव्या दिवशी पिल्लाला घास अडकला आणि याच्या तोंडून निघून गेलं, "सावकाश रे बाळा, कोण पळवून नेतंय!" पिल्लू दचकलं नाही. उलट पडद्याकडे टुकुटुकु बघत राहिलं.

ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. तरी त्यानं वहीत लिहिलं, 'बोललो. एक वाक्य.' डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, तेच त्याला जास्त लागलं. "आवाजाची ओढ लागली असेल तर सोडता येणार नाही," एवढंच त्या म्हणाल्या. पुढचे चार महिने त्याच्या जिवाला घोर होता. आपल्या एका वाक्यापायी त्याचं आभाळ जायचं!

परीक्षेच्या दिवशी पडदा काढला. मांसाचं घमेलं घेऊन त्यानं समोर जायचं आणि बोलायचं. पाखरू जवळ आलं, तर त्याला जन्मभर पिंजरा.

"ये रे बाळा," तो म्हणाला.

गिधाडानं मान खाली घालून फूत्कार टाकला, पंख फडफडवले आणि सगळ्यात लांबच्या ओंडक्यावर जाऊन बसलं. त्यानं पुन्हा हाक मारली, तर ते थेट मागच्या जाळीला भिडलं. घमेल्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. डॉक्टरबाईंनी वहीत लिहिलं, 'सोडायला हरकत नाही.'

"मग? ओळखलं का तुम्हाला?" घरी बायकोनं विचारलं.

"छे! मी वैरी असल्यासारखं पळालं माझ्यापासून!"

पोटच्या पोरीच्या पदवीची बातमी सांगतानाही त्याचा आवाज इतका चढला नव्हता.